पाद्रीबावा समाधी घेणार होता

आमच्या पाद्रीबावाच्या तोंडात एक शब्द असा बसला होता की त्याच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. घेणं. तो जेवण घ्यायचा, झोप घ्यायचा, रस्ता घ्यायचा. "काल मी ताप घेतला," असं सांगायचा, जसा काही बाजारातून पारखून आणला. एकदा आमच्या म्हशीनं त्याला लाथ मारली, तर मांडी चोळत म्हणतो, "तुझा म्हैस चांगला नाई. मी लात घेतली." माझी सासू हसून हसून खालीच बसली. "घेतली तं आता ठेव घरी," म्हणाली.

म्हैस बाईमाणूस की बाप्या, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूला तो 'हा म्हातारा' म्हणायचा आणि तहसीलदाराला 'तू'. तहसीलदार फुगून बसला होता म्हणे, पण आमच्या वऱ्हाडात तू म्हटल्यानं कोणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

हा माणूस कामठीच्या छावणीतून बैलगाडीत बसून अमरावतीला आला. मुलूख फ्रान्स का काय, समुद्रापलीकडचा. गावच्या परकोटाच्या भिंतीबाहेर आमच्या फुलांच्या मळ्याला लागून रिकामी जागा होती, तिथं त्यानं आपलं देऊळ बांधायला काढलं. अंगानं ताडासारखा, दाढी छातीवर, आणि वैशाखाच्या उन्हातही अंगात काळा झगा. डोक्याला मात्र आमच्यासारखा ओला दुपट्टा. कांदाभाकर दिली की बांधावर बसून खायचा आणि वर पाणी मागायचा.

त्या देवळाला लोक हिंदीत गिरजा म्हणत. आता माझ्या सासूला गिरजा म्हणजे पार्वती, दुसरं काही ठाऊकच नाही. आत जाऊन तिनं निळ्या पदराची, कडेवर लेकरू घेतलेली मूर्ती पाहिली आणि तिची खात्रीच पटली. दर सोमवारी जाऊन ती गिरजामायला हळदकुंकू लावून यायची. तो ओल्या फडक्यानं पुसायचा. ही पुन्हा लावायची. मग दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं, तो त्याच्या बोलीत आणि ही हिच्या, आणि भांडण संपलं की ती त्याच्या झोळीत वांगी टाकून घरी यायची.

ते दिवसच येडे होते बाप्पा! तिकडं अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. जिकडंतिकडं कापसाचं पेव फुटलं. अकोट काय, अकोला काय, रस्त्यानं पाहावं तर गाड्यांची रांग, आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. केसात कापूस, डोळ्यात कापूस, दूध प्यायचं तर वरचा कापूस फुंकून प्यायचं. माझ्या घरधन्यानं अर्धा झेंडू उपटून तिथं कापूस लावला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. देवाला काय आता बोंडं वाहायची काय? कापूस घ्यायला गोरे व्यापारीही उतरले होते. त्यांच्यातल्याच कोणाकोणाच्या मदतीवर पाद्रीबावाचं देऊळ वर चढत होतं.

चढत होतं आणि फाटत होतं. आमची काळी माती म्हणजे काय चीज आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तो भिंतीच्या भेगेत बोट घालून पाहायचा आणि मातीशी भांडायचा. तिला 'काळी बाई' म्हणायचा. "हा काळी बाई उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसात फुगून बसते," म्हणायचा, "असा बाई मी घरात घेणार नाई!" शेवटी गवंड्यानं मुरूम लागेपर्यंत खोल खणून पाया धरला. पण बावा तेवढ्यावर कुठं थांबतो? जिथं त्याच्या देवाचा ओटा होता, त्याच्या बरोबर खाली त्यानं दगडचुन्याची एक खोली बांधायला लावली. वर जमीन आणि खाली खोली, उतरायला अरुंद पायऱ्या. आणि त्या खोलीच्या भिंतीत एक लांबलचक कोनाडा, एक माणूस आडवा होईल एवढा.

मी कुंपणाशी शेवंती खुडत होते. न राहवून विचारलं, "बावाजी, देवाच्या पायाखाली एवढं भुयार कायले?"

तो कुंपणाला टेकला. "माझ्या गावात मोठा देऊळ हाये," म्हणाला. "त्याच्या खाली अशी खोली. तिथी मेलेले पाद्री झोपते. माझा काका झोपला. मी लहान होतो, मेणबत्ती घेतो, आईचा हात घेतो, खाली जातो. काकाचा नाव दगडावर. मी बोट फिरवतो. काका इथीच हाये, कुठी गेला नाई."

मग पुढं बोलला. "इकडं आमी तिघं पाद्री आलो. एक अकोल्याच्या वाटेवर मेला, बाभळीखाली ठेवला. दुसरा अकोटाजवळ, निंबाखाली. पुढच्या साली मी पाहायला गेलो. बाभूळ नाई. निंब नाई. सगळा कापूस. मी विचारतो, माझा भाऊ कुठी? शेतकरी म्हणते, मले का माहीत बावा, आमी तं नांगर घातला." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मरणाचा भेव मी घेत नाई. हरवण्याचा भेव घेतला. म्हणून ही खोली. एक जागा. माझी."

मला फार वाईट वाटलं. आपल्या मुलखापासून इतक्या लांब येऊन माणूस दुसरं काही मागत नाही, फक्त मेल्यावर सापडावं एवढंच मागतो. मी त्याला ओंजळभर शेवंती दिली. त्यानं ती झग्याच्या खिशात कोंबली.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. बावानं गवंड्याला विचारलं, की अशा खोलीला तुमच्यात काय म्हणतात? गवंडी म्हणाला, "साधू-गोसाव्याले आमी जाळत नाई बावाजी, पुरतो. त्या जागेले समाधी म्हणतो." बावाला शब्द फार आवडला. दिवसभर तोंडात घोळवत बसला. आणि समाधीला त्याचं ते घेणं जाऊन चिकटलं. झालं! भेटेल त्याला सांगू लागला, "खोली पुरी झाली का रविवारी मी समाधी घेतो. तू ये. बायकोले घेऊन ये."

त्याच्या मनात काय, तर खोली ताब्यात घ्यायची, मंतर म्हणायचे, पाणी शिंपडायचं. आणि आमच्या लोकांनी काय ऐकलं? समाधी घेणं म्हणजे जिता माणूस आत जाऊन बसतो आणि वरून धोंडा लावतात. असे पुरुष पूर्वी होऊन गेले असं सांगतात, पण डोळ्यांनी कोणी पाहिले होते? आता परकोटाबाहेर फुकटात पाहायला मिळणार होतं.

त्यातून बावाची करणीही तशीच. रोज दुपारी कोनाड्यात जाऊन आडवा व्हायचा. अंगानं उंच, पाय बाहेर यायचे. गवंडी दगड फोडून जागा लांबवायचा, हा पुन्हा झोपून पाहायचा. गवंड्यानं बाजारात सांगितलं, "बावा आतापासून सवय करून राहिला." बाजारातून ती गोष्ट गाड्यांवर बसून गावोगाव गेली.

रविवार उजाडला आणि माय वं, रस्त्यावर माणूसच माणूस! नांदगाव पेठेची भजनी मंडळी टाळ घेऊन आलेली. तिवशाच्या बाया नारळाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आलेल्या. गाडीवान कापसाच्या गाड्या वाटेतच सोडून धावले. आमच्या मळ्यातलं फूल ऊन चढायच्या आत संपलं. सासूनं थोडा झेंडू राखून ठेवला होता, त्याचा तिनं गुडघ्यापर्यंत येईल असा हार ओवला. मी म्हटलं, कशाला एवढा? तर माझ्यावरच डाफरली, "जिता माणूस जाऊन राहिला, त्याले का रिकाम्या गळ्यानं धाडू?"

पाद्रीबावा दार उघडून बाहेर आला आणि जागीच उभा राहिला. एरवी रविवारी त्याच्या देवळात कोण यायचं? इथल्या छावणीतले एकदोन मद्रासी शिपाई, त्यांच्या बायका आणि एका गोऱ्या व्यापाऱ्याचा स्वयंपाकी. आज त्याच्या अंगणात तीळ टाकायला जागा नव्हती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आले!" म्हणाला. "सगळे आले!" धावत जाऊन त्यानं घंटा वाजवली. मग पायरीवर उभं राहून लांबच लांब काहीतरी सांगितलं. कोणाला ओ की ठो कळलं नाही, तरी लोक हात जोडून ऐकत होते. पाया पडले, बुक्का लावला. सासूचा हार गळ्यात पडला तेव्हा तर त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

शेवटी नांदगावचे म्हातारे पाटील पुढं झाले. "बावाजी, मुहूर्त टळून राहिला. आता आत चला. धोंडा आमी लावतो."

"कोणता धोंडा?"

"समाधीचा. तुमी आत बसले का लावतो. आता मांगंपुढं पाहू नका."

बावा विचारात पडला. "मी आत. धोंडा वर. मंग मी बाहेर कसा येतो?"

"बाहेर?" पाटलांना काही उमजेना. "बाहेर कायले?"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो पायरीवर बसला आणि असा हसला, असा हसला, की हारातला झेंडू झडायला लागला. मग एकदम थांबला, कारण दुसरं कोणीच हसत नव्हतं. माझी सासू पदरानं डोळे पुसत होती. टाळकरी टाळ धरून तसेच उभे होते. त्यानं त्या सगळ्या तोंडांकडं पाहिलं आणि उठून हात जोडले. "भाऊ, माय, माझा तोंड चुकला. समाधी मी घेत नाई. देव मले घेईन, तवा तुमी मले आत ठेवा. तवापर्यंत मी जिता."

"मंग आमाले बोलावलं कायले?" पाटील म्हणाले.

आणि मागून तिवशाची एक बाई ओरडली, "माह्यं नारळ वापस दे!"

झालं, सगळ्यांनाच आपापले नारळ आठवले. बिचारा बावा दुपारपर्यंत नारळ वाटत होता. कोणाचा कोणता, काही कळेना. दोघींची तर त्याच्या देवाच्या दारातच झोंबाझोंबी झाली. तो मध्ये पडला आणि त्यानं एक चापट घेतली.

पुढं कितीतरी दिवस गाडीवान जाताजाता ओरडायचे, "काय बावाजी, कवा घेता?" तो हात उंच करून सांगायचा, "मुहूर्त पाहून राहिलो!" रागावणं त्याला जमायचंच नाही. माझी सासू मात्र रागावली. "बोलून पलटला," म्हणाली. त्या साली तिनं त्याला वांगी दिली नाहीत. हळदकुंकू मात्र चालू होतं, कारण त्यात गिरजामायचा काय दोष?

आता पुढचंही सांगते.

आमच्यात लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. माझा पहिला मुलगा बारशानंतर लगेच गेला. नाल्याच्या काठी जिथं सगळ्यांची लेकरं ठेवतात तिथं त्याला ठेवला. आणि कोल्ह्यांनी उकरला. सासूनं मला तिकडं जाऊ दिलं नाही. नाल्यावर गेलेली माणसं परत आली, अंगणात पाय धुतले, आणि एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. त्यावरून मला कळायचं ते कळलं. झोपेत मला ते उकरणं ऐकू यायचं.

मग मुलगी झाली. गुटगुटीत, हसरी. पाद्रीबावा तिला कुंपणावरून उचलून घ्यायचा, ती त्याची दाढी मुठीत धरायची आणि सोडायची नाही. "हिनं मले घेतलं," असं ओरडत तो तसाच वाकून उभा राहायचा.

श्रावणात झड लागली होती. पाऊस हटेचना. त्या झडीत तिला ताप आला, आणि एका सकाळी ती माझ्या मांडीवरच गेली.

घरधनी फावडं घेऊन गेला. दुपारी परत आला तो चिखलानं माखलेला. "नाल्याले पूर हाये," म्हणाला. "इकडं वर खणून पाहिलं, तं खड्डा पाण्यानं भरून राहिला, कडा धसून राहिल्या. वितीच्या वर खोल जाता येत नाई वं." आणि दाराशी बसून रडायला लागला. शेजारचे म्हणाले, तेवढ्यातच ठेवू, आता दे वं लेकरू. मी दिलं नाही. मरण मी मान्य केलं होतं, पण वितीभर चिखलात मी तिला ठेवणार नव्हते. कोल्ह्यांना मी दुसरं लेकरू देणार नव्हते!

मी तशीच उठले आणि कुंपणातून पलीकडं गेले. सासू घोंगडी घेऊन मागून आली. बावा पडवीत उभा होता. त्यानं माझ्या हातांत पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

"बावाजी," मी म्हटलं, "तुमची समाधी मले द्या."

त्याचा चेहरा कसा झाला, काय सांगू. "आमचा नियम हाये," तो हळूच म्हणाला. "ज्यानं डोक्यावर आमच्या देवाचा पाणी घेतला, तोच आत. हिनं घेतला नाई. आणि मेल्यावर मी देत नाई, ते खोटं होते." मग थांबून म्हणाला, "आणि जागा एकच हाये."

"मले माहीत हाये. म्हणूनच मांगून राहिली."

तो आत गेला. आपल्या देवापुढं गुडघ्यांवर बसला. आम्ही दोघी पडवीत उभ्या, पाऊस पागोळ्यांनी गळत होता. त्याची पाठ मला दिसत होती. तो मान हलवत होता, जसा कोणाशी वाद घालत असावा. बाहेर आला तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढं केले. "दे."

सासूनं विचारलं, "नेम मोडला का पाप लागते ना? कोणाले लागते?"

"मले," तो म्हणाला. "पाप मी घेतो."

त्यानंच तिला खाली नेलं. खोली कोरडी होती, कुठं थेंब नाही. पण कोनाडा केला होता त्या ताडाएवढ्या माणसासाठी, आणि त्यात माझं एवढंसं लेकरू. इकडं तिकडं नुसता दगड. माझा घरधनी पायऱ्यांवर उभा होता. तो घरी गेला. भाव चढेल म्हणून त्यानं माळ्यावर कापूस राखून ठेवला होता, कोणाला हात लावू देत नव्हता. तो त्यानं कवळ्यानं आणला, घोंगडीत झाकून, फेऱ्यावर फेऱ्या करत. आम्ही तो तिच्या चारी बाजूंनी भरला, डोक्याशी, पायाशी, पाठीखाली. बावा आपल्या बोलीत मंतर म्हणत होता. गवंड्यानं धोंडा लावला. सासूनं धोंड्याला हळदकुंकू वाहिलं. बावानं ते पाहिलं, पण खिशातलं फडकं काढलं नाही. त्या रात्री मला खूप दिवसांनी झोप लागली.

अमेरिकेतली लढाई संपली, कापूस बसला. गोरे व्यापारी आले तसे निघून गेले. शिंगांच्या शेंब्या सोनाराकडं गेल्या. देवळाच्या भिंतीला गिलावा व्हायचा राहिला तो राहिलाच. बावा वाळत चालला होता, पण सकाळी कुंपणाशी यायचा. "रात्री ताप घेतला," सांगायचा.

मग एका उन्हाळ्यात त्यानं अंथरूण धरलं. कामठीहून दोन पाद्री आले. भले लोक होते. त्यांना ठाऊक होतं, याची खोली तयार आहे. पण हा त्यांना म्हणत होता, मले बाहेर ठेवा, मळ्याच्या कुंपणाजवळ, काळ्या बाईत. का, ते सांगेना. खोलीत दुसरं कोणी झोपलं आहे, एवढंच म्हणायचा. त्यांना वाटलं, तापाची बडबड. गोरा व्यापारी गेला तरी त्याचा स्वयंपाकी बावापाशी राहिला होता, त्यानं येऊन मला हे सांगितलं. हा माणूस आपल्या भावांसारखा मातीत हरवणार होता, आणि ते माझ्यापायी.

मी सासूला म्हटलं. ती म्हणाली, "चल."

दुपारची वेळ होती. ते पाद्री बाहेर जेवत होते. बावा खाटेवर, हाडं आणि दाढी तेवढी उरलेली. मी खाटेशी खाली बसले.

"बावाजी, तुमची जागा तुमी घ्या. माही पोरगी मी काढून नेईन. आता उन्हाळा हाये, जमीन कोरडी हाये. खोल पुरीन, वर धोंडे रचीन. कोल्हं येणार नाई. तुमी तुमच्या जागी जा."

बोलताना जीभ भाजत होती, पण मी ते मनापासून बोलत होते. त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं.

"लेकरू झोपलं?" त्यानं विचारलं.

"झोपलं," मी म्हणाले.

"मंग?" तो म्हणाला. "झोपलेलं लेकरू कोणी उठवते काय वं?"

सासूनं माझ्या दंडाला धरून मला उठवलं, आणि आम्ही दोघी पायांचा आवाज न करता बाहेर आलो.